वाट पाहणारा वर्ग आणि गप्प बसलेला प्रबंध

पत्र :

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आहे आणि हे माझे तिसरे वर्ष आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. विद्यावेतनाच्या अटीनुसार मला पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घ्यावी लागतात. आठवड्याला दोन गट, प्रत्येक गटाचे तीन तास, एक शंकानिरसनाचा तास आणि एकूण 48 नोंदवह्यांची तपासणी असे हे काम आहे. कागदावर ते आठवड्याला 12 तासांचे आहे, पण प्रत्यक्षात 25 तासांच्या खाली कधी येत नाही. मला शिकवायला मनापासून आवडते आणि विद्यार्थीही माझ्यावर खूश असतात. मात्र गेल्या चार महिन्यांत प्रबंधात एका पानाचीही भर पडलेली नाही, एक प्रयोगमालिका अर्धवट पडून आहे, आणि मार्गदर्शकांशी भेट ठरली की आदल्या रात्री मला झोप लागत नाही. मागच्या भेटीत ते एवढेच म्हणाले, “शिकवण्यात फार वेळ घालवू नकोस.” पण अर्धवट तयारीने वर्गासमोर उभे राहणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. रात्री संशोधनाला बसायचे ठरवते आणि एखादा शोधनिबंध उघडून त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहते. पुढच्या सत्रापासून शिकवणे सोडून द्यावे का? की संशोधन करण्याची माझी कुवतच नाही असे समजावे?
— दोन्हीकडे अपुरी पडणारी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच तुमची झोप उडवतो आहे असे मला वाटते. तुमच्या पत्रात कुवतीबद्दल शंका घ्यावी असे काहीही नाही. आठवड्याचे 25 तास एका कामाला दिल्यावर, उरलेल्या थकलेल्या वेळात दुसरे आणि अधिक अवघड काम पुढे सरकत नसेल, तर त्यावरून त्या माणसाच्या बुद्धीविषयी कसलाच निष्कर्ष काढता येत नाही. दिवसभर उभे राहून प्रात्यक्षिक घेतलेल्या कोणत्याही माणसाला रात्री दहा वाजता शोधनिबंधाच्या त्याच चार ओळी पुन्हा वाचाव्या लागतील. ही परीक्षा तुम्ही स्वतःची अशा वेळी घेत आहात की तिच्यात कोणीही नापास व्हावे, आणि म्हणून तिचा निकाल मनावर घेऊ नका.

आता मूळ अडचणीकडे येऊ. तुम्ही ती तासांच्या भाषेत मांडली आहे, आणि तास खरोखरच जास्त आहेत. त्यांचा विचार पुढे करूच. पण मला त्याआधी एका वेगळ्या गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. वर्गाला वार असतो, वेळ असते, आणि दाराशी उभे असलेले 24 चेहरे असतात. मंगळवारी दोन वाजता तुम्ही प्रयोगशाळेत नसाल, तर दोन वाजून पाच मिनिटांनी ते सगळ्यांना कळते. प्रबंधाला यातले काहीच नसते. आज एक परिच्छेद लिहिला नाही तर उद्या कोणी विचारत नाही, परवाही विचारत नाही, आणि असे विचारणारे कोणी नसलेले दिवस एकत्र जमले की त्यांचेच चार महिने होतात. दोन कामे शेजारी ठेवली आणि त्यांतले एकच हाक मारत असेल, तर माणूस हाक मारणाऱ्या कामाकडे जातो. यात आळस नाही, आणि खरे सांगायचे तर यात कर्तव्यबुद्धीच अधिक आहे. म्हणून माझा सगळा सल्ला एका दिशेने जाणार आहे : वर्गाच्या कामाला कुंपण घालायचे, आणि संशोधनालाही वार, वेळ आणि वाट पाहणारे माणूस मिळवून द्यायचे.

त्याआधी एक प्रश्न थोडा टोचणारा आहे, पण तो विचारल्याशिवाय पुढचे सगळे वरवरचे होईल. हे जादा 13 तास नेमके कोणत्या आठवड्यापासून वाढले, हे आठवून पाहाल का? मी स्वतः संशोधक विद्यार्थिनी असताना एका सत्रात माझी सगळी टिपणे, जी आधीच चांगली होती, पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली. आकृत्या नव्याने काढल्या, उदाहरणे बदलली, प्रत्येक तासाआधी चार-चार तास तयारी केली. मी कष्ट करते आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुष्कळ नंतर जुन्या वह्या चाळताना माझ्या लक्षात आले की टिपणांचे हे काम मी ज्या आठवड्यात सुरू केले, त्याच आठवड्यात माझ्या विश्लेषणाचे निष्कर्ष माझ्या गृहीतकाच्या विरुद्ध आले होते. ते कोड्यात टाकणारे आकडे पुन्हा उघडण्यापेक्षा टिपणे सुधारणे कितीतरी सुखाचे होते. वर्गात समजावून सांगितले की समोरच्याच्या डोळ्यांत ते समजल्याचे लगेच दिसते, आणि संशोधनात तीन आठवडे राबूनही पेट्री डिशवर काहीच उगवले नाही असे होऊ शकते. ज्या कामात दाद लगेच मिळते त्याचा आसरा घेणे हा दोष नाही. पण आपण आसरा घेतला आहे हे ओळखले नाही, तर तिथून बाहेर पडण्याची वाटही सापडत नाही. तुमची ती अर्धवट प्रयोगमालिका वेळेअभावी थांबली, की तिने काही नकोसे दाखवले म्हणून थांबली, याचे उत्तर तुम्ही मला कळवण्याची गरज नाही. ते तुम्हाला स्वतःला ठाऊक असावे, एवढेच मला हवे आहे.

तुमच्या मार्गदर्शकांच्या त्या एका वाक्यात शिकवणे हे संशोधनाचे शत्रू आहे असे गृहीत धरलेले दिसते, आणि ही समजूत विद्यापीठांच्या जगात फार पसरलेली आहे. तिला आधार नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी 1996 मध्ये याविषयीच्या 58 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अध्यापनाची गुणवत्ता आणि संशोधनाची कामगिरी यांच्यातला सहसंबंध 0.06, जवळजवळ शून्यच, निघाला. म्हणजे चांगले शिकवणारा माणूस संशोधनात मागे पडतो हेही खरे ठरले नाही, आणि चांगला संशोधक आपोआप चांगला शिक्षक होतो हेही नाही. याहून तुमच्या जवळचा पुरावा 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. डेव्हिड फेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान व तंत्रज्ञान शाखांतील 95 नवोदित संशोधक विद्यार्थ्यांचे लेखी संशोधन-प्रस्ताव वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासले. जे विद्यार्थी संशोधनाबरोबर शिकवतही होते, त्यांची तपासता येण्याजोगी गृहीतके मांडण्याची आणि प्रयोगाची आखणी करण्याची क्षमता, केवळ संशोधन करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली होती. कारण समजण्यासारखे आहे. नियंत्रण-नमुना, म्हणजे तुलनेसाठी काहीही बदल न करता ठेवलेला नमुना, का ठेवायचा हे 24 जणांना समजावून सांगताना, आपल्याच प्रयोगातला नियंत्रण-नमुना कच्चा आहे हे ध्यानात येते.

गणिताच्या इतिहासातले एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. रिचर्ड डेडेकिंड 1858 मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कलनशास्त्राचे प्राथमिक पाठ देत होते. शिकवताना त्यांना भूमितीच्या आकृतीकडे बोट दाखवून पुढे जावे लागे, आणि आपल्या विषयाला खरा अंकगणिती पाया नाही ही गोष्ट त्यांना फार खुपू लागली. त्या अस्वस्थतेतून त्याच वर्षाच्या 24 नोव्हेंबरला त्यांना वास्तव संख्यांची ती व्याख्या सुचली जी आज ‘डेडेकिंड छेद’ म्हणून शिकवली जाते, आणि तिची ही जन्मकथा त्यांनी 1872 मध्ये ती प्रसिद्ध करताना प्रस्तावनेतच सांगितली. प्रत्येक प्रात्यक्षिकातून असे काही निघेल असे मी म्हणत नाही. पण वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेला आणि तुम्हाला उत्तर न आलेला प्रश्न लिहून ठेवायला एक छोटी वही खिशात असू द्या. सत्राच्या शेवटी त्या वहीतले दोन-तीन प्रश्न प्रबंधाच्या कामाचे निघाले, तरी तिचे मोल झाले.

आता तासांकडे. सर्वांत मोठी गळती बहुधा तपासणीत आहे, म्हणून तिथपासून सुरुवात करू. एका नोंदवहीला 15 मिनिटे दिली तर 48 वह्यांना 12 तास लागतात, म्हणजे तुमचे कागदावरचे सगळे तास एकट्या तपासणीतच संपतात. हीच वही 7 मिनिटांत तपासली तर एकूण साडेपाच तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. पंधराची सात मिनिटे करणे म्हणजे निष्काळजीपणा होईल, अशी तुम्हाला भीती वाटेल. पण ती 15 मिनिटे कशात जातात हे एकदा पाहा. माझ्या अनुभवात त्यांतली निम्मी तीच ती सूचना वेगवेगळ्या वह्यांत पुन्हा पुन्हा लिहिण्यात जातात. त्याऐवजी पहिल्या दहा वह्या नुसत्या वाचा आणि वारंवार आढळणाऱ्या चुका एका कागदावर क्रमांक देऊन लिहा. अशा चुका सहसा सात-आठच्या पुढे जात नाहीत. तो कागद सगळ्यांना द्या, वहीत समासात फक्त क्रमांक घाला, आणि पुढच्या प्रात्यक्षिकाची पहिली दहा मिनिटे त्या चुकांवर बोला. जे शिकवणे तुम्ही 48 समासांत लिहून करत होता, ते दोन गटांत दोनदा बोलून होईल आणि जास्त ऐकले जाईल.

वह्या एकेका विद्यार्थ्याच्या तपासण्याऐवजी एकेका विभागाच्या तपासा. सगळ्यांच्या निरीक्षणांचे तक्ते आधी, मग सगळ्यांचे निष्कर्ष. मनाला एकच निकष धरून ठेवावा लागतो म्हणून वेग वाढतो, आणि पहिल्याच पानावरच्या सुबक अक्षराची छाप शेवटच्या पानावरच्या गुणांवर पडत नाही. त्यासाठी कोणत्या गोष्टीला किती गुण हा निकषतक्ता सत्राच्या सुरुवातीलाच तयार असला पाहिजे आणि तो विद्यार्थ्यांकडेही असला पाहिजे, “मला इतके कमी गुण का?” असे विचारायला येणारी निम्मी मंडळी त्यामुळे येत नाहीत. आणखी एक गोष्ट, जी मनाला लावून घेऊ नका. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले की केवळ लेखी सूचना मिळालेल्या मुलांचे काम सुधारले, पण सूचनेबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. तुमचे विद्यार्थी वयाने मोठे आहेत, तरीही रात्री जागून तुम्ही गुणांच्या शेजारी जी लांबलचक वाक्ये लिहिता, त्यांवरून बहुतेकांची नजर घसरून गुणांवरच जात असणार हे मी खात्रीने सांगू शकते. सविस्तर सूचना द्यायचीच असेल तर ती सत्रात एकदा, गुण नसलेल्या कच्च्या लेखनावर द्या.

तयारीबद्दल तुम्ही ‘अप्रामाणिकपणा’ असा शब्द वापरला आहे, आणि त्यामागची भावना मला आदरणीय वाटते. पण अर्धवट तयारी आणि मर्यादित तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रात्यक्षिकाआधी तुम्हाला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असल्या पाहिजेत : आज विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने काय करायचे, ते कोठे चुकण्याचा संभव आहे, आणि जाताना त्यांना काय दिसलेले असले पाहिजे. समजा, जीवाणूंचे टप्प्याटप्प्याने विरलीकरण करून, म्हणजे द्रावण पातळ करत जाऊन, डिशवर उगवलेल्या वसाहती (जीवाणूंचे ठिपके) मोजण्याचे प्रात्यक्षिक आहे. तर पिपेटचे टोक प्रत्येक टप्प्यावर बदलले गेले नाही की पुढचे सगळे आकडे फुगतात, आणि 30 ते 300 वसाहती असलेलीच डिश मोजणीला घ्यायची, या दोन गोष्टी त्यांच्या हातात आणि डोक्यात बसल्या की ते प्रात्यक्षिक चांगले झाले. प्रतिजैविक-प्रतिरोधाचा सगळा इतिहास त्या दिवशी सांगण्याची गरज नाही. तो तुम्हाला येतो आणि सांगावासा वाटतो, हा तुमचा गुण आहे, पण तासातला वेळ विद्यार्थ्यांच्या हातांचा आहे. एखादी शंका आली आणि उत्तर ठाऊक नसेल, तर “मी पाहून पुढच्या वेळी सांगते” हे वाक्य पूर्णपणे प्रामाणिक आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षिकेच्या तोंडून ते एकदा तरी ऐकलेले बरे.

या तिन्ही गोष्टींसाठी नव्या प्रात्यक्षिकाला दोन तास आणि आधी घेतलेल्याला एक तास पुरतो. हा वेळ प्रात्यक्षिकाच्या अगदी लगत ठेवा, आदल्या दुपारी किंवा त्याच सकाळी. चार दिवस आधी सुरू केलेली तयारी चार दिवस चालते. दुसऱ्या गटासाठी नव्याने तयारी करायची नाही. पहिल्या गटात जे अडले तेवढे एका ओळीत टिपून ठेवा. विद्यार्थ्यांच्या संदेशांना दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उत्तर द्या, आणि रात्री साडेअकरा वाजता आलेल्या प्रश्नाला रात्री साडेअकराला उत्तर देण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

या कुंपणातून मोकळे झालेले तास आपोआप संशोधनाकडे जातील असे समजू नका. ते तसे जात नाहीत. त्यांना जागा राखून ठेवावी लागते, आणि ही जागा रात्री नसावी. तुमचे संशोधन प्रयोगशाळेतले असल्यामुळे त्याचे दोन भाग करावे लागतील. ज्या प्रयोगांना सलग सहा-आठ तास लागतात, ते आठवड्यातल्या शिकवणे नसलेल्या दोन दिवशीच ठेवा, आणि त्या दोन दिवसांना तुमच्या दिनदर्शिकेत वर्गाइतकाच मान द्या. “त्या दिवशी माझे काम आहे” असे सांगताना कोणते काम हे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रभर वाढवायचे जीवाणू आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांत पेरता येतात, तेवढे शिकवण्याच्या दिवशीही होते. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मात्र लांबलचक प्रयोग सुरू करू नका. वाढवक्राची, म्हणजे जीवाणू वेळेनुसार किती वाढले याची, दर वीस मिनिटांनी नोंद घेताना मधल्या वेळात नोंदवह्यांचा एक विभाग तपासता येतो, कारण ते काम तुकड्यांत चालते. विचार करण्याचे काम तसे चालत नाही.

वाचन, विश्लेषण आणि लेखन हा दुसरा भाग. त्याला रोज, शिकवण्याच्या दिवशीसुद्धा, सकाळची पहिली 45 मिनिटे द्या. ईमेल आणि वह्या उघडण्याआधी. 45 मिनिटांत काय होणार असे तुम्हाला वाटेल, म्हणून एक अभ्यास सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी विद्यापीठांतील तरुण अध्यापकांच्या लेखनाच्या सवयी दीर्घकाळ तपासल्या. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, मोठा मोकळा वेळ मिळेल तेव्हा लिहू अशा जुन्या सवयीने चालणाऱ्यांनी वर्षभरात सरासरी 17 पाने लिहिली. रोज थोडे लिहून त्याची नोंद ठेवणाऱ्यांनी 64 पाने लिहिली. आणि जे रोज लिहीत, नोंद ठेवत आणि ती नोंद दर आठवड्याला दुसऱ्या कोणाला दाखवत, त्यांची सरासरी 157 पाने झाली. या तिसऱ्या गटाकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण त्यांच्या लेखनाची वाट पाहणारे कोणीतरी होते. तुमच्याच प्रयोगशाळेतली एखादी सहकारी शोधा. दर शुक्रवारी दहा मिनिटे बसून आठवड्यात काय लिहिले ते एकमेकींना दाखवा. वाचून अभिप्राय द्यायची गरज नाही, दाखवणे पुरेसे आहे.

वर्गातून संशोधनाकडे वळताना मन लगेच वळत नाही, याचा अनुभव तुम्ही रात्री त्याच चार ओळी वाचताना घेतला आहे. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये यावर लिहिताना दाखवले की अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामातले लक्ष कमी होते. नंतरच्या संशोधनात त्यांना असे दिसले की काम सोडताना आपण कोठे थांबलो आणि परतल्यावर पहिले काय करणार हे थोडक्यात लिहून ठेवले, तर हा त्रास कमी होतो. म्हणून 45 मिनिटांतली शेवटची तीन मिनिटे या नोंदीसाठी ठेवा. ‘आकृती 2 चे स्पष्टीकरण पुरे करायचे, नंतर तिसऱ्या जीवाणूचे आकडे तपासायचे’ एवढी ओळ पुरते. प्रात्यक्षिक संपल्यावरही अशीच एक ओळ लिहा आणि मग ती वही बंद करा.

मार्गदर्शकांबद्दल. “फार वेळ घालवू नकोस” हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यातून काय कमी करायचे हे कळत नाही, आणि तुमचा वेळ नेमका कोठे जातो हे बहुधा त्यांनाही माहीत नाही. ते त्यांना दाखवा. येत्या दोन आठवड्यांत रोज किती वेळ तयारीत, वर्गात, तपासणीत, विद्यार्थ्यांच्या प्रश्नांत आणि संशोधनात गेला हे अर्ध्या तासाच्या अचूकतेने लिहा. ही नोंद आधी तुमच्यासाठी आहे. तिच्यात तुम्हाला अनपेक्षित असे काही नक्की आढळेल. मग भेट ठरण्याची वाट न पाहता त्यांना एक पानाचे पत्र पाठवा. चार महिन्यांच्या शांततेनंतर ते कसे लिहावे हा प्रश्न पडेल, म्हणून मसुदाच देते :

“सर, गेल्या चार महिन्यांत प्रबंधाचे काम पुढे सरकलेले नाही, हे मी आधी सांगते. माझे आठवड्याचे सुमारे 25 तास अध्यापनाच्या कामात जात होते. दोन आठवड्यांची नोंद सोबत जोडली आहे. तपासणी आणि तयारी मर्यादित करून हे काम 14 तासांपर्यंत आणण्याचे मी ठरवले आहे. बुधवार आणि शुक्रवार हे दोन दिवस प्रयोगांसाठी राखून ठेवले आहेत. अर्धवट राहिलेली प्रयोगमालिका पुरी करावी की तिचा आराखडा बदलावा, यावर मला आपले मत हवे आहे. आतापर्यंतचे आकडे सोबत आहेत. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांची भेट मिळाली तर मला फार मदत होईल.”

या पत्रात क्षमायाचना नाही आणि सबबही नाही, हे मुद्दाम केले आहे. ‘आकडे सोबत आहेत’ हे वाक्य लिहिण्यासाठी तुम्हाला तो नकोसा वाटणारा तक्ता उघडावा लागेल, हेही मुद्दाम. वारंवार होणाऱ्या छोट्या भेटी मागा. चार महिन्यांनी होणाऱ्या एका भेटीवर सगळे अवलंबून असते तेव्हाच आदल्या रात्रीची झोप उडते.

तीच नोंद, संशोधनाचा रकाना वगळून, प्रात्यक्षिकांची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकांनाही दाखवा. 12 तासांचे म्हणून दिलेले काम काटकसर करूनही 12 तासांत बसत नसेल, तर ते काम चुकीचे मोजले गेले आहे आणि ते सांगणे ही तक्रार ठरत नाही. तपासणी इतर साहाय्यकांत वाटून घेता येईल का, सर्व गटांसाठी एकच निकषतक्ता करता येईल का, काही प्रात्यक्षिकांच्या पूर्ण वहीऐवजी एक पानी अहवाल घेता येईल का, असे ठरावीक प्रश्न विचारा. “काम फार होते” या वाक्याला सहानुभूती मिळते, पण असे प्रश्न विचारले की बदल मिळतो.

वेळापत्रक आखताना स्वतःवर फार विश्वास ठेवू नका. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी 1994 मध्ये प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ती कधी पुरी होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता, सगळेच बिनसले तर किती लागतील याचा अंदाज सुमारे 49 दिवसांचा होता, आणि प्रत्यक्षात लागले सुमारे 55 दिवस. म्हणजे त्यांच्या सर्वांत निराश अंदाजापेक्षाही अधिक. तुमचा जो अंदाज असेल त्याच्या दीडपट वेळ धरा, आणि परीक्षा व अंतिम तपासणीच्या आठवड्यांत संशोधनाची सकाळची 45 मिनिटे सोडून काहीही ठरवू नका.

राहिला प्रश्न शिकवणे सोडण्याचा. आत्ता सोडू नका, कारण 25 तासांतले किती तास खरोखर अध्यापनाचे आहेत हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही. पुढच्या सत्रासाठी तेच प्रात्यक्षिक पुन्हा मागून घ्या. दर सत्राला नवा विषय घेतला की तयारी पहिल्यापासून करावी लागते, आणि तोच विषय दुसऱ्यांदा घेताना या सत्रात केलेला निकषतक्ता, चुकांची यादी आणि टिपणे तयार असतात. पुढे प्रबंधाच्या अंतिम लेखनाचे काही महिने येतील, तेव्हा विद्यावेतनाची दुसरी सोय होत असेल तर शिकवण्यापासून मोकळीक मागणे अगदी योग्य ठरेल, आणि ती मागणी आतापासून मार्गदर्शकांच्या कानावर घालून ठेवा. ज्या कामावर तुमचे इतके प्रेम आहे ते अपराधी भावनेपोटी, घाईघाईने टाकून देऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे.

झोपेचे मात्र वेगळे सांगते. तास कमी होऊन, भेटी नियमित होऊनही महिन्याभरात झोप पूर्ववत झाली नाही, तर विद्यापीठातील समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. संशोधन करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना या वाटेने जावे लागते, आणि लवकर गेलेल्यांना ते सोपे जाते.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. त्या पत्रात तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदीतले आकडे असू द्या, आणि खिशातल्या वहीत विद्यार्थ्यांचे किती प्रश्न जमले तेही कळवा. त्यांतला एखादा पूर्ण लिहून पाठवलात तर मला तो वाचायला फार आवडेल.